पाठीचा कणा आणि स्वामी कुवलयानंद

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सोमवारी सकाळी जी रांग लागते, तिच्यात ताप-खोकल्याच्या खालोखाल पाठ-कंबर धरलेली माणसे असतात. काजूच्या कारखान्यात दिवसभर बसून बी सोलणाऱ्या बायका, मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीच्या टोपल्या उचलणारे, आंब्याच्या दिवसांत पेट्या भरणारे आणि चढवणारे, खड्ड्यांतून रिक्षा हाकणारे, आणि अलीकडे मोबाइलवर मान वाकवून बसणारी कॉलेजची मुलेसुद्धा.

यातल्या जवळपास प्रत्येकाने आमच्याकडे येण्याआधी काहीतरी करून पाहिलेले असते. कोणी तेल लावून पाठ चोळून घेतलेली असते, कोणी हाडवैद्याकडे जाऊन आलेले असते, उसण भरली म्हणून कोणी पायाळू माणसाचा पाय लावून घेतलेला असतो. बरे वाटले का, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच मिळते. दोन दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच.

काही वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयात असताना अशाच एक मावशी आल्या होत्या. काजूच्या कामावर जाणाऱ्या, वय पन्नाशीच्या आसपास, पाठीला बाक आलेला. तपासले, धोक्याचे काही दिसले नाही. वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या, हातात व्यायामाच्या चित्रांचा छापील कागद दिला आणि मालीश बंद करा, त्याने काही होत नाही, असे जरा तोऱ्यातच सांगितले. सहा महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. पाठ होती तशीच. कागद देवाच्या फळीवर नीट घडी घालून ठेवलेला होता. व्यायाम एकदाही केला नव्हता, कारण वाकले की दुखायचे आणि दुखले की भीती वाटायची. मालीश मात्र चालू होते, कारण तेवढ्यापुरते तरी अंग मोकळे व्हायचे. चूक त्यांची नव्हती, माझी होती. त्यांना जे एकत्र हवे होते ते मी तोडून दोन ठिकाणी ठेवले होते. चोळणारा हात एकीकडे आणि करायचा व्यायाम दुसरीकडे.

या दोन गोष्टींचा संबंध समजून घ्यायचा तर एका मराठी माणसाचे आयुष्य पाहण्यासारखे आहे. लोणावळ्याचे कैवल्यधाम ठाऊक असलेले पुष्कळ असतात, पण ते उभे करणारे स्वामी कुवलयानंद आखाड्यातून आले होते, हे फारच थोड्यांना माहीत असते.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, बडोदे संस्थानातल्या डभोई गावी. घरची स्थिती बेताची. शिक्षण कष्टाने झाले, पण बुद्धी तल्लख होती. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली आणि ते बडोद्याच्या कॉलेजात गेले. त्या कॉलेजात तेव्हा अरविंद घोष शिकवत होते. देशात स्वदेशीचे वारे होते. आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्या विचारांचा तरुण गुण्यांवर खोल परिणाम झाला. टिळकांनी स्वतः कॉलेजचे पहिले वर्ष तब्येत कमावण्यात घालवले होते, हे सर्वांना ठाऊक आहे. दुबळ्या शरीराने देशकार्य होत नाही, ही त्या पिढीची ठाम समजूत होती. गुण्यांनी लग्न न करता आयुष्य सेवेला द्यायचे ठरवले.

बडोद्यात तेव्हा जुम्मादादा व्यायामशाळेचे नाव होते आणि ती चालवत होते माणिकराव, पुढे राजरत्न म्हणून ओळखले गेलेले. १९०७ ते १९१० ही तीन वर्षे गुणे त्यांच्या हाताखाली घडले. दंड, बैठका, मल्लखांब, कुस्ती, लेझीम, लाठी असा सगळा देशी व्यायाम तिथे शिस्तीने शिकवला जाई. माणिकरावांनी या व्यायामाला सामुदायिक कवायतीचे रूप दिले, देशी भाषेतले हुकूम दिले. एकेकट्या पहिलवानाची कसरत शंभर मुलांना एका वेळी करता यावी, हा त्यांचा प्रयत्न होता.

पण आखाड्याला आणखी एक अंग होते आणि आपल्या विषयाशी त्याचाच संबंध आहे. आखाड्यात वस्ताद नुसते डाव शिकवत नसे. कोणाचा खांदा निखळला, घोटा मुरगळला, कंबरेत चमक भरली, तर पहिला हात त्याचाच लागे. अंग रगडणे, तेल जिरवणे, सांधा बसवणे ही विद्या व्यायामाबरोबरच चाले. माणिकराव या हाडांच्या आणि सांध्यांच्या उपचारांतही जाणते होते. त्यांच्या परिवारातल्या द. चिं. मुजुमदारांनी बडोद्याहून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. देशी व्यायामाचा एवढा मोठा संग्रह दुसऱ्या कुठल्या भारतीय भाषेत क्वचितच सापडेल.

ही जोडी नवी नव्हती. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत दिनचर्या सांगताना व्यायामानंतर सुख वाटेपर्यंत अंग चोळावे असे सांगितले आहे. क्रम लक्षात घ्या. आधी व्यायाम, मग मर्दन. मर्दन हे व्यायामाच्या ऐवजी नाही. युरोपातही जवळपास असेच घडले. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग या तलवारबाजीच्या शिक्षकाने १८१३ साली स्टॉकहोममध्ये व्यायामशिक्षणाची संस्था काढली. त्याच्या पद्धतीत एक शाखा खास रुग्णांसाठी होती. तिच्यात उपचार करणारा आपल्या हाताने रुग्णाचे हातपाय हलवी, मग रुग्णाला स्वतः हलवायला लावी, मग त्या हालचालीला हाताने विरोध करून स्नायूंना जोर लावायला लावी. आजच्या फिजिओथेरपीची एक मुळी तिथे आहे. पुढे गंमत अशी झाली की हातांचा भाग स्वीडिश मसाज म्हणून वेगळा विकला जाऊ लागला आणि हालचालींचा भाग शाळेतली कवायत म्हणून वेगळा झाला. इंग्रजांनी आपल्याकडच्या शाळांत आणली ती ही दुसरी, हुकमावर हातपाय उडवण्याची कवायत. एकसंध विद्येचे असे दोन तुकडे झाले. माझ्या छापील कागदानेही तेच केले होते.

माणिकरावांकडचे शिक्षण संपल्यावर गुणे खानदेशात अंमळनेरला शिक्षणकार्यात गेले. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते १९१६ पासून प्राचार्य होते. राष्ट्रीय वृत्तीच्या या संस्थेवर सरकारचा रोष होता आणि १९२३ मध्ये ती बंद पडली. एखाद्याचे आयुष्य तिथेच थांबले असते. पण त्याआधी, १९१९ साली, त्यांना दुसरे गुरू भेटले होते. नर्मदाकाठच्या मालसर गावी राहणारे परमहंस माधवदासजी हे वयोवृद्ध बंगाली योगी. त्यांच्याकडे गुण्यांनी योगाच्या क्रिया शिकल्या.

इथे त्यांच्या स्वभावाचा वेगळेपणा दिसतो. गुरूवर श्रद्धा होती, पण क्रियेचे जे स्पष्टीकरण परंपरेने सांगितले जाई, ते तसेच मान्य करायला त्यांचे मन तयार नव्हते. शरीरात नेमके काय होते ते पाहायचे, असे त्यांनी ठरवले. १९२०-२१ मध्ये त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान बंध आणि नौली या क्रियांचा अभ्यास सुरू केला. क्ष-किरण यंत्र आपल्या देशात तेव्हा नवलाईचे होते. योगी पोट आत ओढतो तेव्हा छातीचा पडदा किती वर जातो, आतडी कुठे सरकतात, हे त्यांनी त्या यंत्राखाली पाहिले. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो, हे त्यांनी पुढे दाबमापकाने मोजून दाखवले. योगी गुदद्वारातून पाणी आत कसे ओढतो, या जुन्या कोड्याचे उत्तर त्यात मिळाले. दाब कमी झाला की पाणी आत येते, इतके ते सरळ आहे. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. चमत्काराचा पडदा बाजूला करायचा आणि तरी गुरूचे ऋण विसरायचे नाही, असा हा माणूस होता.

१९२४ च्या दसऱ्याला लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झाले. त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. जगन्नाथ गुणे आता स्वामी कुवलयानंद झाले होते. आश्रमात प्रयोगशाळा आणि प्रयोगशाळेत आसने करणारी माणसे, असे दृश्य तोवर जगात कुठे नव्हते. सर्वांगासनात, शीर्षासनात रक्तदाब किती बदलतो, प्राणायामात किती प्राणवायू घेतला जातो, अशी मोजमापे तिथे होऊ लागली. प्राणायामाने शरीराला भरपूर जादा प्राणवायू मिळतो, ही तेव्हाची आणि आजचीही लाडकी समजूत आहे. त्यांच्या मोजमापांनी तिला आधार दिला नाही. आकडा विरुद्ध गेला म्हणून त्यांनी तो लपवला नाही. प्राणायामाचा लाभ दुसरीकडे शोधला पाहिजे, असे ते मांडत राहिले.

आता पाठीकडे येऊ. आसनांवरच्या आपल्या पुस्तकात स्वामींनी आसनांचे गट पाडले. ध्यानासाठी बसायची आसने वेगळी आणि शरीर घडवणारी आसने वेगळी. शवासनासारखी शिथिलीकरणाची आसने हा आणखी एक प्रकार. ध्यानाला बसायचे तर कणा ताठ आणि तरीही सुखात राहिला पाहिजे. तासभर असे बसणे ज्याला जमत नाही, त्याच्या पाठीची तयारी शरीर घडवणाऱ्या आसनांनी करायची. त्या आसनांची निवड पाहिली तर कण्याची प्रत्येक दिशा तिच्यात येते. भुजंगासन, शलभासन, धनुरासन यांत कणा मागे वळतो. पश्चिमोत्तानासनात तो पुढे वाकतो. अर्धमत्स्येंद्रासनात त्याला दोन्ही बाजूंना पीळ बसतो. आणि ज्यांना पूर्ण आसन झेपत नाही, त्यांच्यासाठी अर्धशलभासनासारखी सोपी रूपे दिली आहेत. आखाड्यातून आलेल्या शिक्षकाला नवशिक्याची पाठ कशी असते ते ठाऊक होते.

त्यांचा सर्वांत मोठा आग्रह मात्र पद्धतीचा होता. आसनात हिसका नको, दमणूक नको, सावकाश जा, थांबा, शरीराकडे लक्ष ठेवा आणि तितक्याच सावकाश परत या. जोरबैठका आणि आसने यांच्यात स्नायूंचे काम वेगळ्या प्रकारे होते, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. दोन्हींना त्यांनी जागा दिली, पण एकाचा नियम दुसऱ्याला लावला नाही.

हा आग्रह आजच्या शरीरशास्त्राला धरून आहे. आपल्या प्रत्येक स्नायूत ताण मोजणारे बारीक तंतू असतात. स्नायू झटक्यात ओढला तर ते तंतू मज्जारज्जूला धोक्याचा निरोप देतात आणि स्नायू आणखी आवळतो. सावकाश ताणून थांबले की हा प्रतिसाद मंदावतो आणि स्नायू सैल होऊ लागतो. शिवाय आपले अंग कुठे आणि कसे आहे याची जाणीव मेंदूला स्नायू, सांधे आणि त्वचा यांच्याकडून सतत मिळत असते. वर्षानुवर्षे एकाच बाजूला झुकून बसलेल्या माणसाला ते झुकणेच सरळ वाटू लागते. त्याला नुसते ताठ बस म्हणून सांगितले तर तो छाती पुढे काढतो, श्वास रोखतो आणि दोन मिनिटांत पुन्हा कोसळतो. लक्षपूर्वक केलेली सावकाश हालचाल ही बिघडलेली जाणीव पुन्हा घडवते.

इथेच हाताचा उपयोग कळतो. मालीश केल्याने सरकलेला मणका जागेवर जात नाही. बोटे किंवा मान मोडताना होणारा आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होताना तो आवाज येतो. मग मालीशने बरे का वाटते? स्पर्शाने वेदनेचे निरोप काही काळ दबतात, आवळलेला स्नायू सैल होतो, भीती कमी होते आणि ज्या भागाची जाणीव हरवली होती तिकडे लक्ष जाते. हा परिणाम काही तासांचा, फार तर काही दिवसांचा असतो. कंबरदुखीवरच्या अभ्यासांतही मालीशने थोड्या काळाचा आराम मिळतो असेच दिसते. दीर्घकाळ उपयोग होतो तो नियमित व्यायामाचा. म्हणून जाणकार माणसे त्या मधल्या वेळाचा उपयोग करून घेतात. अंग सैल असतानाच त्याला नवी हालचाल शिकवतात.

स्वामींचे काम आश्रमाच्या भिंतींत राहिले नाही. १९२७ मध्ये महात्मा गांधींची प्रकृती रक्तदाबाने बिघडली तेव्हा त्यांनी स्वामींचा सल्ला घेतला. दोघांमधला पत्रव्यवहार गांधीजींच्या संग्रहित वाङ्मयात आहे. गांधीजी रोज मालीश करवून घेणारे, आणि स्वतःच्या शरीरावरचा प्रत्येक प्रयोग बारकाईने नोंदवणारे. असा रुग्ण आणि असा उपचारक यांची गाठ पडावी, हे योग्यच झाले. येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनन यांनी स्वामींकडे राहून योगाचा अभ्यास केला आणि त्यावर १९३७ मध्ये ग्रंथ लिहिला. पुढे १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे संशोधक अमेरिकेहून यंत्रे घेऊन योग्यांच्या तपासण्या करायला लोणावळ्याला आले.

मुंबईत मरीन ड्राइव्हला १९३६ मध्ये कैवल्यधामचे आरोग्यकेंद्र उभे राहिले. नोकरीपेशातली, दिवसभर खुर्चीत बसणारी माणसे तिथे येऊ लागली. त्याच सुमारास मुंबई प्रांतात पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि त्याचे प्रमुख होते बाळासाहेब खेर, तेही रत्नागिरीतच जन्मलेले. १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी संस्था निघाली. प्रांताच्या शारीरिक शिक्षणाची घडी बसवण्याच्या या कामात स्वामी पुढे होते. शाळेतल्या मुलांना एकत्र करता येतील अशा योगिक संघव्यायामाची आखणी त्यांनी केली. माणिकरावांच्या व्यायामशाळेतली शिस्त आणि माधवदासजींच्या क्रिया अशा एका मैदानावर आल्या. आज शाळेच्या पटांगणावर मुले रांगेत उभी राहून ताडासन करतात, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

आयुष्याच्या उत्तरार्धात लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय निघाले, मग योगोपचारांचे रुग्णालय निघाले. डॉ. विनेकर यांच्याबरोबर त्यांनी योगोपचारावर लिहिलेला ग्रंथ १९६३ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात आसनांकडे स्नायूंच्या स्वाभाविक ताणाच्या आणि शरीराच्या ठेवणीच्या अंगाने पाहिले आहे. रुग्णाची मनोवृत्ती, मज्जा आणि स्नायू यांची नव्याने घडण, आणि आहार-उत्सर्जनाची शिस्त, असे उपचाराचे तीन भाग त्यात येतात. म्हणजे पाठदुखीचा रुग्ण ही नुसती पाठ नसते, ही गोष्ट त्यांनी साठ वर्षांपूर्वी सरकारी छापखान्यातून सांगितली होती. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी गेले.

हातांनी दिशा देण्याच्या कलेत पुढची मजल मारली ती लोणावळ्यापासून जवळच असलेल्या पुण्यात. १९३७ मध्ये पुण्याला आलेले बी. के. एस. अय्यंगार स्वतः लहानपणी अशक्त आणि आजारी होते. त्यांनी आसनातल्या प्रत्येक सांध्याच्या रेषेकडे लक्ष दिले. ज्याची पाठ वळत नाही त्याला खुर्ची, दोर, पट्टा, लाकडी ठोकळा यांचा आधार दिला आणि शिक्षकाचा हात नेमका कुठे लागला पाहिजे याचे शास्त्र बनवले. त्यांच्या वर्गातला हात अंग रगडण्यासाठी लागत नसे. खांद्याचे हाड कुठे न्यायचे, गुडघा कोणत्या दिशेला वळवायचा, हे विद्यार्थ्याला आतून कळावे म्हणून तो लागे. स्वामींनी यंत्रांनी जे शोधले, त्याला अय्यंगारांनी बोटांची भाषा दिली, असे मला वाटते.

हे सगळे वाचून उद्या सकाळी काय करायचे, असा प्रश्न वाचकांना पडेल. आधी काय करू नये ते सांगतो. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, ताप, वजन उतरणे, पायातली ताकद कमी होणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, कर्करोग होऊन गेलेला असणे, यांपैकी काहीही असेल तर पाठीला कोणाचाही हात लावू देऊ नका, आधी रुग्णालयात या. मणक्याचा क्षयरोग असलेली पाठ महिनोन् महिने चोळली गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. त्यातल्या एका तरुणाचे पाय लुळे पडल्यावर त्याला आमच्याकडे आणले होते. मानेला झटका देऊन ती मोडून घेऊ नका, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. म्हाताऱ्या माणसाच्या ठिसूळ पाठीवर पाय देऊन उभे राहू नका. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते. रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी डोके खाली करायची आसने मनाने करू नयेत.

धोक्याचे काही नाही अशी डॉक्टरांनी खात्री केली असेल, तर पुढचे सोपे आहे. घरातल्या माणसाने कोमट तेलाने पाठीच्या दोन्ही बाजूंचे स्नायू पाच-दहा मिनिटे हलक्या हाताने चोळावेत, कण्याच्या हाडावर दाब न देता. मग लगेच सतरंजीवर उताणे पडून, गुडघे वाकवून, कंबर जमिनीला हळू टेकवायची आणि सोडायची. त्यानंतर पालथे पडून एकेक पाय थोडा उचलायचा, म्हणजे अर्धशलभासन. झेपले तर भुजंगासनात छाती थोडीच वर. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन श्वास थांबायचे, कुठे ताण येतो ते पाहायचे. दुखणे पायात उतरले तर थांबायचे. शेवटी पाच मिनिटे शवासन. पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टकडून किंवा जाणत्या योगशिक्षकाकडून हात धरून शिकून घ्यावे.

आणि आदर्श ठेवणीचा बाऊ करू नये. कोणतीही एकच बैठक दिवसभर योग्य नसते. चांगल्यातली चांगली बैठकही तासभर धरून ठेवली तर पाठ तक्रार करतेच. विळीवर बसणारीने, रिक्षा चालवणाऱ्याने, आमच्यासारख्या खुर्चीत बसून रुग्ण तपासणाऱ्यानेही अर्ध्या तासाने उठून अंग मागे ताणले पाहिजे. हे मी रोज सांगतो आणि स्वतः रोज करतोच असे नाही.

त्या मावशींचे पुढे काय झाले? दुसऱ्या खेपेला मी कागद बाजूला ठेवला आणि त्यांना फिजिओथेरपी विभागात स्वतः घेऊन गेलो. तिथल्या ताईंनी आधी त्यांची पाठ हाताने सैल केली, मग हात पाठीवर ठेवूनच पहिली हालचाल करवून घेतली. त्यांच्या सुनेला जवळ बसवून तेही शिकवले. दर आठवड्याला येता येणार नव्हते, एसटीचे भाडे आणि कामाचा खाडा परवडणारा नव्हता. म्हणून जे शिकायचे ते घरी करता येईल एवढेच शिकवले. तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा पाठीचा बाक पूर्ण गेला नव्हता, तो जाणारही नव्हता. पण गोळ्या सुटल्या होत्या आणि कामावर मध्येच उठून त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहत होत्या. बाजूच्या दोघीजणीही त्यांचे पाहून तसे करू लागल्या आहेत, असे त्यांनी जाता जाता सांगितले.